सत्तर व्होल्टांची आत्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीला दोन दिवस राहिले असताना मी एक चांगला चालणारा अँप्लिफायर बिघडवला. बिघडलेला दुरुस्त करायला गेलो आणि जमलं नाही, असं असतं तर गोष्ट वेगळी; तसं जगात सगळ्यांचंच होतं. हा ठणठणीत होता. मी त्याला तपासलं, त्याच्यात रोग शोधून काढला, त्या रोगावर इलाज केला आणि इलाजानंतर तो आजारी पडला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मशीन आता बरी झाली या खात्रीवर मी पुढे एक वाक्य बोललो, ते आमच्या आत्याने ऐकलं, आणि घरातल्या पहिल्या लग्नात आत्या गाणार की नाही हा प्रश्न, जो त्याआधी अर्धाच उभा होता, पुरता उभा राहिला.

आमचं घर गव्हाणला, गावाच्या खाडीकडच्या टोकाला. आता तिथे उभं राहिलं तर डोक्यावरून विमान इतकं खालून जातं की बोलणं अर्ध्यात तोडून वाट बघावी लागते. तेव्हा त्या बाजूने येणारा सगळ्यात मोठा आवाज म्हणजे मिठागरात मीठ ओढायच्या लाकडी फळीचा. खर्र करून फळी पुढे जायची, थांबायची, परत खर्र. उन्हाळ्यात सकाळी जाग यायची ती त्या आवाजाने, आणि त्यामागोमाग आईच्या भाकऱ्यांच्या आवाजाने. तांदळाची भाकरी थापताना दोन तळव्यांचा जो ओला आवाज होतो तो आमच्या घरात पाच वाजता सुरू व्हायचा आणि बाबा, आई, आत्या तिघं मिठागरावर गेली की बंद व्हायचा. मग घरात मी, माझी बहीण पारू, आणि चुलीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. पारू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला घाबरायचो. अजूनही घाबरतो, फोन आला की उठून उभा राहतो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, हिराबाय. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून माहेरी. दिवसा ती मिठागरावर मीठ ओढायची आणि लग्नाचे दिवस आले की धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणायची. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तर असतो, पण धवलारणीशिवाय पान हलत नाही. मांडवाला उंबराची फांदी लावायची तर तिने गाऊन सांगायचं, हळद फोडायची तर तिने सांगायचं, नवरीला पाटावर बसवायची तर तिने सांगायचं. देवांना ती बोलावते, गावाच्या वेशीला बोलावते, आणि त्या घरातून गेलेल्या एकेका माणसाला नाव घेऊन बोलावते की बाबांनो या, तुमच्या लेकीचं लग्न आहे. हे सगळं तोंडपाठ. कुठे कागद नाही, वही नाही. गव्हाणातल्या कुठल्या घरातून कोण कधी गेलं हे ग्रामपंचायतीला ठाऊक नव्हतं इतकं आत्याला ठाऊक होतं. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता. जाड होता, थोडा खरखरीत होता, पण अख्ख्या मांडवाला पुरून पलीकडच्या आळीत जायचा. माझ्या आईबाबांच्या लग्नात म्हणे चुलीपाशी वडे तळणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून ऐकत राहिल्या आणि एक घाणा जळाला. तो जळालेला घाणा आत्या आपली पदवी असल्यासारखा सांगायची.

पण त्या वर्षीच्या थंडीत तिला खोकला झाला, तो दोन महिने राहिला, आणि गेला तो अर्धा आवाज घेऊन. पारूचं ठरलं होतं बेलपाड्याला. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त मुलाचे मामा जरा तालेवार. बोलणी करायला आले तेव्हा आत्याने नेहमीप्रमाणे चार ओळी म्हटल्या, आणि मामांनी कानामागे हात लावला. निघताना बाबांना म्हणाले, "पावणं, राग मानू नका. आमच्याकडं तरनी धवलारीण हाय. मांडवात मागं बसल्याला पन ऐकू गेला पायजे. सांगा, आमी आनतो."

बाबांच्या आधी बोलली पारू, आतून, पण बाहेर ऐकू जाईल अशा बेताने. "आत्या धवले नाय बोलली तं मी हलद लावून घेनार नाय. अशीच जाईन बेलपाड्याला, बिनपिवली."

मामा गेल्यावर बाबांनी तोड काढली. गावच्या मंडळाची लाऊडस्पीकरची मशीन होती, दोन भोंगे आणि एक माईक. ती आमच्याच घरी असायची, कारण गावात तिच्यातलं कळणारा माणूस म्हणजे मी. मी तेव्हा पनवेलला तळ्याकाठी सुलेमान मास्तरांकडे रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होतो. कोर्सला पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत माणसाला इतकं कळतं की आपल्याला सगळं कळलंय असं वाटतं. पुढची तीस वर्षं ते उतरवण्यात जातात. बाबा म्हणाले, "दत्तू, आत्याच्या पुढ्यात माईक ठेव. आवाज पोचला तं बेलपाडंवाल्यांचा तोंड बंद. नाय पोचला तं मी स्वता जाऊन सांगीन, तुमची बाय आना." म्हणजे आत्याचं धवलारीणपण आता माझ्या हातात होतं. मी छाती फुगवली. कुणीतरी त्याच वेळी टाचणी लावायला हवी होती.

हळदीच्या दोन दिवस आधी दुपारी मी अंगणात मशीन मांडली. एक भोंगा घराच्या कौलावर, दुसरा आळीच्या टोकाला मिठागराच्या बांधावर बांबूला बांधला. मशीन चालणार म्हटल्यावर आळी जमली. चाळीसएक माणसं, पोरं वेगळी. मधोमध पाट, पाटावर आत्या, तिच्या तोंडापुढे माईक आणि माईकमागे मी, कपाळाला आठ्या घालून. मी तिला म्हटलं, "हं, आत्या, बोल. टेस्टिंग हाय." धवले एकटीने कधी म्हणत नाहीत, सोबतीला बाया असतात, हाताला काम असतं, नवरी पुढ्यात असते. इथे काहीच नव्हतं. नुसती चाळीस माणसं, तिचं तोंड बघणारी. आत्या घसा खाकरली, पदर सारखा केला, आणि म्हणायला लागली. भोंग्यातून जे आलं ते मांजरीच्या पिल्लाला पुरलं असतं.

आळीतला एक म्हातारा म्हणाला, "मशीन उपाशी दिसतंय." मला तेवढंच हवं होतं. मी जाहीर केलं की मशीनमध्ये फॉल्ट आहे, आणि मीटर आणायला आत गेलो.

हा मीटर माझा जीव की प्राण. साबणाच्या वडीएवढा, काळा, काचेखाली लाल काटा, एक लाल एक काळी अशा दोन वायरी. मुंबईच्या एका जुन्या बाजारातून आणला होता. त्याच्या काचेखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दर व्होल्टाला एक हजार ओहम. तो मला कारखान्याच्या परवान्याचा नंबर वगैरे वाटायचा. आज शपथेवर सांगतो, त्या मीटरवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं आणि मी त्याच्यावर अंगठा ठेवून मीटर धरायचो.

मशीनच्या झाकणाला आतून नकाशा चिकटवलेला होता, कुठल्या ठिकाणी किती व्होल्टेज पाहिजे त्याचे आकडे टाकलेला. माईकचा आवाज आधी ज्या व्हॉल्व्हमध्ये जातो, त्या पहिल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळीच्या, एका पायावर नकाशा म्हणत होता एकशेतीस. मी मीटर लावला. काटा उठला, डुलला आणि सत्तरावर बसला. "सत्तर!" मी ओरडलो. चाळीस माणसांना सत्तर म्हणजे काय ते कळलं नाही, पण माझ्या तोंडावरून कळलं की गुन्हेगार सापडला. त्या पायाला व्होल्टेज पोचवणारा एक मोठा रेझिस्टन्स असतो. तोच म्हातारा होऊन जास्त अडवायला लागला, हे माझं निदान. मी तो काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि त्याच्या जागी निम्म्याहून कमी अडवणारा लावला. परत मीटर. काटा बरोब्बर एकशेतीसवर. नकाशाशी तंतोतंत. त्या वेळी मला जो आनंद झाला तो पुढे माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नाही. हे बायकोला माहीत आहे.

आत्या परत पाटावर बसली. परत म्हणाली. आणि भोंग्यातून आवाज पहिल्यापेक्षा निम्मा आला.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी मीटरकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं, दोन्हीकडे एकशेतीस. आणि मी ते वाक्य बोललो, बाबांना उद्देशून, पण भर अंगणात. "बा, मशीन आता शंभर टक्के बरोबर हाय. मोजून बघितली. आत्याचा आवाजच उरला नाय, तं मशीन काय करंल?"

आत्याने माईककडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग पाटावरून उठली, पाट उचलून भिंतीला लावला आणि म्हणाली, "बराबर बोलतंय पोर. मोजून बोलतंय." बाबांना म्हणाली, "उद्या जा बेलपाड्याला. त्यांची बाय तरनी हाय, चांगली बोलंल. मना कायेक वाटनार नाय." आणि मिठागराकडे गेली. थोड्या वेळाने तिकडून फळीचा आवाज यायला लागला. खर्र, आणि परत खर्र, मधे न थांबता.

त्या संध्याकाळी आईने निवट्यांचं कालवण केलं होतं. खाडीच्या चिखलातल्या त्या माशाचं आंबट तिखट कालवण आणि गरम भात, हे माझं सगळ्यात आवडतं जेवण. पारू जेवायलाच आली नाही. आई भात वाढताना डाव ताटावर जरा जोरात आपटत होती. आत्या माझ्या शेजारी बसली होती. लहानपणी आई मिठागरावर असायची तेव्हा मला भरवायची ती हीच, आणि सवय अशी की जेवायला ती माझ्याच डाव्या हाताला. तिने आपल्या वाटीतला मोठा निवटा उचलला आणि माझ्या भातावर ठेवला. नेहमीप्रमाणे. मी तो खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला. आज साठी उलटल्यावर लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते. ते वाक्य बोललो तो मूर्खपणा होता. पण तो निवटा मी खायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने पनवेलला गेलो. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो असं लिहिलं तर छान दिसेल, पण खोटं होईल. मी गेलो मास्तरांना माझी हुशारी सांगायला.

सुलेमान मास्तर म्हणजे बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तळ्याकडे उघडणारी एक खोली, तिच्यात टेबल, टेबलावर पोट उघडे पडलेले रेडिओ आणि कोपऱ्यात पानाचा डबा. मी सगळं सांगितलं. सत्तर सांगितलं, एकशेतीस सांगितलं, आणि खिशातून तो म्हातारा रेझिस्टन्स काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो मोजला. मग परत मोजला. "दत्तूमियाँ," ते म्हणाले, "हा तर बेकसूर आहे. जेवढा छापलाय तेवढाच आहे. याला तू घराबाहेर का काढलास?"

"पण मास्तर, सत्तर—"

"सत्तर कशाने मोजलंस?"

मी माझा मीटर काढून दिला. मास्तरांनी माझा अंगठा जिथे असायचा तिथे आपलं बोट ठेवलं, ते बारीक वाक्य वाचलं, आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसले. टेबलावर एक रेडिओ उघडा होता, त्यातही तसाच व्हॉल्व्ह, तसाच मोठा रेझिस्टन्स. त्यांनी आपला मोठा मीटर आणला. तो भाकरीच्या डब्याएवढा, आत त्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह असलेला. तो लावला, काटा एकशेतीसवर. "आता तो तसाच राहू दे. त्याच जागी तुझा लाव," ते म्हणाले. मी माझ्या वायरी टेकवल्या. आणि मोठ्या मीटरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत एकशेतीसवरून खाली घसरला आणि सत्तरावर आला. माझा काटाही सत्तरावर. मी वायरी उचलल्या, मोठा परत वर गेला. टेकवल्या, खाली. मी सातआठ वेळा केलं. मास्तर पान लावत बसले.

"शादीची देग असते, हे एवढं मोठं पातेलं," पान तोंडात टाकून ते म्हणाले, "तिच्यातून तू वाटीभर रस्सा चाखलास, तर कुणाला कळतं? कुणाला नाही. पण बाळाच्या वाटीतून वाटीभर चाखलास, आणि मग ओरडलास की अरे, बाळाच्या वाटीत काहीच नाही! तर?" पानाची पिंक टाकून त्यांनी पुरं केलं. "मोठ्या रेझिस्टन्समागे करंट असतो बाळाच्या वाटीएवढा. तुझा मीटर गरीब, अंगात रेझिस्टन्स कमी, दर व्होल्टाला हजारच ओहम. लावला की तोच प्यायला लागतो. त्याने खोटं सांगितलं नाही, बरं का. तो लागला होता तेव्हा सत्तरच होते. पण ते त्याने केले सत्तर."

"आणि मी बदलल्यावर एकशेतीस आले ते?"

"तेव्हा खरे दोनशेच्या जवळ गेले असतील. तुझ्या मीटरने पिऊन एकशेतीस उरले. आणि तिथला रेझिस्टन्स निम्मा केलास की त्या व्हॉल्व्हची आवाज वाढवायची ताकद पण निम्मी. चालत्या बैलाचा पाय बांधलास तू." मग त्यांनी विचारलं, "कुणी गात होतं का मशीनवर?"

पुढे मी तळोज्याच्या एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांवर तीस वर्षं काढली. नव्या पोरांकडे आता असे मीटर असतात की ते जवळजवळ काहीच पीत नाहीत, त्यांच्या अंगातला रेझिस्टन्सच तेवढा दांडगा. आकडे लखलख दिसतात. तरी कामावर आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचो, तुझा मीटर किती पितो? पोरं एकमेकांकडे बघायची. म्हाताऱ्याला नेमकं काय विचारायचंय, ते त्यांना कळायचं नाही.

त्या सकाळी मात्र मी एसटी स्टँडकडे पळत सुटलो. गव्हाणहून बेलपाड्याला जायचं तर पनवेलला गाडी बदलावी लागायची. बाबा स्टँडवरच होते, स्वच्छ टोपी, हातात नारळाची पिशवी. बेलपाड्याला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून नारळ. त्यांची गाडी लागलेली होती. मी त्यांची पिशवीच धरली.

"बा, नका जाऊ. मशीन मी बिगडवली."

"काल बोललास बराबर हाय."

"काल मी गाढव होतो."

"काल?" बाबा म्हणाले. मग पिशवी माझ्या हातातून सोडवून, "म्हंजे आत्याचा आवाज हाय?"

मी हो म्हणणार होतो. पण एका दिवसात दोनदा खात्रीने बोलायची हिंमत उरली नव्हती. "मला नाय माहीत," मी म्हटलं. "मी तो मोजलाच नाय. मशीन दुखावून मग आत्याचा आवाज मोजला." गाडी सुटली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "मी थांबीन. पन ती आता आयकनार नाय. तू चार मान्सांत बोललास. नि मोजून बोललास."

घरी येऊन मी आधी जुना रेझिस्टन्स जागच्या जागी लावला. मास्तरांनी त्यांचा मोठा मीटर दिला नव्हता, पण माझ्यासारखाच एक दरिद्री मीटर उसना दिला होता. आत्या मागच्या अंगणात हळकुंडं निवडत बसली होती, पारू तिच्या पाठीला टेकून. मी मशीन उचलून तिथेच नेली. पारू म्हणाली, "आता काय मोजायचा राह्यलाय? तिचा ताप?" मी आत्याला म्हटलं, "आत्या, फक्त काट्याकडं बघ." पहिला मीटर लावला, सत्तर. "किती?" तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा कुठे आहे ते तिने बोटाने दाखवलं. मग दुसरा मीटर त्याच जागी टेकवला. दोन्ही काटे पन्नासाच्या आसपास उतरले.

आत्याने हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "दुसरा लावलास की उतरला."

"हो."

"नि दोनी काडलेस तं?"

"तर एकशेतीस."

"कोनी बघितलाय?"

"इथं कोणी नाय," मी म्हटलं. "बघायला गेलं की उतरतो."

आत्या हसायला लागली. खोकल्याने मधे तोडलं तरी हसत राहिली. मग हसू थांबवून तिने माझ्याकडे नीट बघितलं, कालपासून पहिल्यांदा. "आरं, मना तं तुमी चालीस मीटर लावलेलेत," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मी कितीतरी इंजिनीयरांना हा मुद्दा फळ्यावर काढून समजावला आहे. एवढ्या लवकर कुणाला कळलेला मी पाहिला नाही. मी तिच्या पायांना हात लावला, माफी मागायला शब्द शोधत होतो. तिने ते शोधू दिले नाहीत. ती पारूला म्हणाली, "बाय, उद्या मी धवले बोलीन. पन मना मधी पाटावर बसवायचा नाय. मी तुज्या मागं, बायांमदी बसेन, हातात काम घेऊन. माईक खाली राहंल, पानांत, जसा तांब्या ठेवतात तसा. कोनी माज्या तोंडाकडं बघायचा नाय." आणि माझ्याकडे वळून, "नि यो दत्तू मांडवात नको. मशीन लाव, कान पिरगळ तिचा, नि निग. दिसलास तं पाटा घालीन डोक्यात."

म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीला मी मांडवात नव्हतो. दुपारी बेलपाड्याहून उष्टी हळद आली, मामा आले, सोबत ती तरणी धवलारीणही आली होती, लागलीच तर म्हणून. मी मशीन चालू केली आणि आत्याच्या नजरेआड झालो. आळीच्या टोकाला, मिठागराच्या बांधावर जिथे दुसरा भोंगा बांधला होता, त्या बांबूखाली जाऊन बसलो. समोर मिठाचे ढीग, मागे गाव. बराच वेळ भोंग्यातून नुसता बायांचा कालवा आला, बांगड्या, कुणाचं तरी पोर, पाट्यावर हळद वाटल्याचा आवाज. मग त्या वाटण्याच्या लयीतून, कुठे सुरू झालं ते कळलंच नाही, आत्या म्हणायला लागली होती. आवाज पूर्वीइतका जाड नव्हता. पण मोकळा होता, पुरा होता, आणि डोक्यावरच्या भोंग्यातून निघून मिठागरावर पसरत पार खाडीपर्यंत जात होता. तिने देव बोलावले, वेस बोलावली. मग माणसं बोलावली. माझे आजोबा, माझी आजी. मग तिने एक नाव घेतलं जे मी घरात फार कमी वेळा ऐकलं होतं, तिच्या नवऱ्याचं. त्यालाही सांगितलं, ये, पारूची हळद आहे. मिठागरावर दोन बाया फळ्या ओढत होत्या, त्यांनी फळ्या थांबवल्या. मी मिठाच्या ढिगाकडे बघत बसलो आणि डोळे पुसले. खारं वारं होतं, असं कुणी विचारलं असतं तर सांगणार होतो.

मेलेली माणसं झाली आणि ती जिवंतांवर आली. आईला बोलावलं, बाबांना बोलावलं. आणि मग भोंगा म्हणाला, नवरीच्या भावाला बोलवा, दत्तूला बोलवा, हळद लावायला भाऊ कुठे आहे. मी उठलो. मग पाटा आठवला आणि बसलो. भोंग्याने मला दुसऱ्यांदा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा आवाजात जरा धार आली होती. मिठागरातली एक बाय ओरडली, "आरं, तुलाच बोलवतंय!" मग मी धावलो, चिखलाच्या पायांनी, अख्खी आळी ओलांडून, थेट मांडवात. पारू पिवळी होऊन बसली होती. मी तिच्या गालाला हळद लावली. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच दात ओठ खाल्ले.

तेवढ्यात बेलपाड्याचे मामा पुढे आले. त्यांची तरणी धवलारीण केव्हाच आत्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि हळू आवाजात साथ देत होती. मामा मोकळेपणाने म्हणाले, "हिराबाय, मानलं. मधी नाक्यावर गेलतो, तितं पन शब्दनशब्द आयकला. नि ही मशीन कोनी लावली? काय आवाज हाय!"

मला राहवलं नाही. हळदीचा हात पाठीमागे घेऊन मी एक पाऊल पुढे झालो. "तसं विशेष काही नाही मामा," मी म्हटलं, "पहिल्या व्हॉल्व्हला व्यवस्थित एकशेतीस—"

माईक पानांत तसाच पडला होता, चालू. आत्याने हळदीचे हात थांबवले नाहीत, मान वर केली नाही. पण ती जे बोलली ते कौलावरच्या भोंग्यातून सगळ्या गव्हाणाने ऐकलं, आणि बांधावरच्या भोंग्यातून मिठागराने.

"मामा, मशीन पयल्यापासून चांगली हाय. यो आज लांब बसलेला, म्हनून चालली."